लैंगिक गुन्हेगारांची नोंदणी व जाहीर सूचना

लैंगिक गुन्ह्याबद्दल न्यायालयात दोषी ठरलेल्या व्यक्तीने शिक्षा भोगून झाल्यानंतरही आपले नाव, निवासस्थान, नोकरी, वाहन इ. माहिती ठराविक काळाने पोलिसांकडे नोंदविली पाहिजे, अशी सक्ती करणाऱ्या कायद्यांना लैंगिक गुन्हेगार-नोंदणी कायदे म्हणतात. ही माहिती पोलिसांपुरती न ठेवता शेजारी, शाळा वा सर्व जनता यांना कळविण्याची तरतूद म्हणजे जाहीर सूचना होय. दोन्ही गोष्टी पुष्कळदा एकाच अधिनियमात येतात व त्यांचा उल्लेखही एकत्रच केला जातो. तथापि त्यांचे हेतू व परिणाम भिन्न आहेत. नोंदणी हे पोलीस तपासाचे एक साधन आहे. जाहीर सूचनेत मात्र रक्षणाचे काम शासन नागरिकांच्या सावधगिरीवर सोपविते. हा भेद कायदे करणाऱ्यांनी बहुधा पाळलेला नाही आणि या कायद्यांविषयीच्या बऱ्याचशा वादाचे मूळ त्यातच आहे.

उगम : सुटून आलेल्या गुन्हेगारावर पोलिसांनी नजर ठेवावी, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९३० नंतरच्या दशकात लॉस अँजेल्ससारख्या शहरांनी गंभीर गुन्ह्यांतील दोषींवर चौकीत नाव नोंदविण्याची सक्ती केली. तिचा रोख मुख्यत्वे टोळीवाल्यांवर होता. केवळ लैंगिक गुन्हेगारांसाठी राज्यव्यापी नोंदवही ठेवणारा पहिला कायदा कॅलिफोर्निया राज्याने १९४७ मध्ये केला. ही वही जनतेला खुली नव्हती. परस्परसंमतीने समलिंगी संबंध ठेवल्याबद्दल दोषी ठरलेल्या प्रौढ पुरुषांची नावेही तीत चढविली जात. असे संबंध कॅलिफोर्नियाने गुन्ह्यांतून वगळले ते १९७५ मध्ये. नोंदवहीत कोणाचे नाव यावे, हे शेवटी त्या त्या काळच्या दंडसंहितेवर अवलंबून असते, हे यावरून ध्यानात येते. पुढील तीन-चार दशके हा विषय मागेच पडला होता व फार थोड्या राज्यांनी कॅलिफोर्नियाचे अनुकरण केले.

हे चित्र १९८९ ते १९९६ या अवधीत पालटले. वॉशिंग्टन राज्यात टकोमा येथे १९८९ मध्ये, तुरुंगातून सुटलेल्या एका गुन्हेगाराने एका सात वर्षांच्या मुलावर अमानुष अत्याचार केले. त्याच्या मनातील दुष्ट बेतांची कल्पना अधिकाऱ्यांना होती; परंतु शिक्षेची मुदत संपल्यामुळे त्याला अडकवून ठेवण्यास कायद्याचा आधार नव्हता. लोकक्षोभ उसळला व १९९० मध्ये त्या राज्याने समाजसंरक्षण अधिनियम संमत केला. धोकादायक गुन्हेगार वस्तीत राहावयास आल्यास पोलिसांनी लोकांना तसे कळवावे, अशी तरतूद करणारा हा पहिला कायदा होय.

त्याच वर्षी, २२ ऑक्टोबर १९८९ रोजी, मिनेसोटा राज्यातील सेंट जोसेफ या लहान गावाजवळ जेकब वेटरलिंग या अकरा वर्षांच्या मुलाला एका बुरखाधारी इसमाने पळवून नेले. मुलाचा मागमूस लागला नाही. परिसरात पूर्वीचे लैंगिक गुन्हेगार कोण राहतात याची यादी हाताशी असती, तर पहिल्या काही तासांत तपासाला दिशा मिळाली असती, असे तेव्हा मानले गेले. मुलाची आई पॅटी वेटरलिंग यांनी चालविलेल्या चळवळीतून १९९४ चा वेटरलिंग अधिनियम आला. प्रत्येक राज्याने नोंदवही ठेवावी, अन्यथा पोलीसकार्यासाठी मिळणाऱ्या संघीय अनुदानातून दहा टक्के कपात होईल, असे या अधिनियमाने ठरविले. माहिती प्रसिद्ध करण्याची मुभा त्यात होती, सक्ती नव्हती.

सक्ती आली ती दुसऱ्या एका मुलीच्या मृत्यूमुळे. न्यू जर्सी राज्यातील हॅमिल्टन टाउनशिप येथे २९ जुलै १९९४ रोजी मेगन कांका या सात वर्षांच्या मुलीचा, रस्त्यापलीकडील घरात राहणाऱ्या शेजाऱ्याने अत्याचार करून खून केला. हा शेजारी पूर्वी दोनदा अशाच गुन्ह्यांत दोषी ठरलेला होता. पोलीसदप्तरात त्याची नोंद होती, पण मुलीच्या घरी ती कोणास ठाऊक नव्हती. ‘आम्हांला कळविले असते, तर आमची मुलगी वाचली असती’ हे मातापित्यांचे म्हणणे सर्वांच्या हृदयाला भिडले. न्यू जर्सीच्या विधिमंडळाने अवघ्या तीन महिन्यांत कायदा केला आणि १७ मे १९९६ रोजी संघीय ‘मेगनचा कायदा’ अस्तित्वात येऊन माहिती जनतेला देणे सर्व राज्यांवर बंधनकारक झाले. एखाद्या बालकाचे नाव कायद्याला देण्याची प्रथा या सुमारास रूढ झाली. अशा विधेयकाविरुद्ध मत देणे लोकप्रतिनिधीला जवळजवळ अशक्य होते. त्यामुळे त्यातील तरतुदींची छाननी व्हावी तशी झाली नाही.

कायद्याचे स्वरूप : पुढील दहा वर्षांत इंटरनेटचा प्रसार झाला आणि ‘सूचना’ या शब्दाचा अर्थच बदलला. पूर्वी पोलीस शिपाई दारोदार जाऊन पत्रक देई किंवा शाळेच्या मुख्याध्यापकास कळवी. आता छायाचित्र, पत्ता व गुन्ह्याचा तपशील जगातील कोणालाही घरबसल्या दिसू लागला. सर्व राज्यांच्या याद्या एकत्र शोधता येतील असे राष्ट्रीय संकेतस्थळ २००५ मध्ये सुरू झाले. २७ जुलै २००६ रोजी संमत झालेल्या ॲडम वॉल्श अधिनियमाने देशभर एकसारखी चौकट आखून दिली. तीनुसार गुन्हेगारांच्या तीन श्रेणी मानल्या जातात. पहिल्या श्रेणीतील व्यक्तीने १५ वर्षे वर्षातून एकदा, दुसरीतील व्यक्तीने २५ वर्षे दर सहा महिन्यांनी व तिसरीतील व्यक्तीने आजन्म दर तीन महिन्यांनी जातीने हजर राहून माहितीची खातरजमा करून द्यावयाची असते. तसे न करणे हा स्वतंत्र व गंभीर गुन्हा आहे. श्रेणी ठरते ती दोषसिद्धीच्या कलमावरून; ती व्यक्ती पुन्हा गुन्हा करण्याचा संभव कितपत आहे याचे मूल्यमापन करण्याची अट नाही. काही गंभीर गुन्ह्यांत १४ वर्षांवरील किशोरांनाही ही तरतूद लागू होते. खर्च व किशोरांची नोंदणी या दोन कारणांवरून पुष्कळ राज्यांनी आक्षेप घेतले आणि अनुदानातील कपात पत्करूनही निम्म्याहून अधिक राज्यांनी या चौकटीची पूर्ण अंमलबजावणी केलेली नाही. २०१६ च्या एका संघीय कायद्याने, बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या नोंदणीकृत व्यक्तींच्या पारपत्रावर तशी खूण छापण्याचे ठरविले. २०१८ च्या सुमारास देशातील नोंदणीकृतांची संख्या ९ लाखांवर गेली होती.

या कायद्यांना जोडून निवासबंदीचे नियम आले. शाळा, पाळणाघर, क्रीडांगण यांपासून ठराविक अंतराच्या आत नोंदणीकृत व्यक्तीने राहू नये, असा त्यांचा आशय असतो. आयोवा राज्याने २००२ मध्ये हे अंतर २,००० फूट ठरविले, तर फ्लॉरिडातील मायामी-डेड परगण्याने २००५ मध्ये २,५०० फूट. दाट वस्तीच्या शहरात एवढी वर्तुळे आखली, तर राहण्याजोगी जागा जवळपास उरतच नाही. मायामीत समुद्राच्या खाडीवरील ज्यूलिया टटल पुलाखाली अशा माणसांची एक वसाहतच उभी राहिली. तंबू व फळकुटांच्या खोपट्यांतून ती २०१० पर्यंत टिकून होती. ज्यांचा ठावठिकाणा कळावा म्हणून नोंदवही काढली, त्यांना ठिकाणाच न राहावा, हा विपर्यास येथे उघड झाला.

न्यायालयांची भूमिका : अमेरिकन राज्यघटनेनुसार गुन्हा घडल्यानंतर केलेल्या कायद्याने शिक्षा वाढविता येत नाही. म्हणून नोंदणी ही शिक्षा आहे की केवळ नियामक उपाय, हा प्रश्न कळीचा ठरला. अलास्का राज्याच्या कायद्यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २००३ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी, हा शिक्षेचा प्रकार नसून जुन्या गुन्हेगारांनाही तो लागू करता येईल, असा निर्णय दिला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती अँटनी केनेडी यांनी लिहिले. यादी पाहणे हे सरकारी दप्तरखान्यात जाऊन जुनी नोंद पाहण्यासारखे असून, गुन्हेगाराला चिन्ह लावून चव्हाट्यावर उभे करण्यासारखे नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. लैंगिक गुन्हेगार पुन्हा गुन्हा करण्याचा धोका भीतिदायक व फार मोठा असतो, हे गृहीतही त्यात होते.

या गृहीताचा माग काढणे उद्बोधक आहे. २००२ मधील दुसऱ्या एका निकालपत्रात केनेडी यांनी, उपचार न घेतलेल्या गुन्हेगारांपैकी ८० टक्क्यांपर्यंत लोक पुन्हा गुन्हा करतात, असा आकडा दिला होता. तो त्यांनी १९८८ च्या एका सरकारी मार्गदर्शिकेतून घेतला. मार्गदर्शिकेने तो १९८६ मध्ये मानसशास्त्रावरील एका लोकप्रिय मासिकात आलेल्या लेखातून उचलला होता. त्या लेखाचा लेखक तुरुंगातील उपचारकार्यक्रम चालवीत असे. त्याने आकडा दिला, पण आधार दिला नाही. हा सर्व प्रवास २०१५ मध्ये अभ्यासकांनी उघडकीस आणला, तोवर कनिष्ठ न्यायालयांच्या अनेक निर्णयांत गृहीताची पुनरुक्ती होऊन गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने आपला निर्णय बदललेला नाही. तथापि २०१६ मध्ये मिशिगनच्या कायद्यासंबंधी एका संघीय अपील न्यायालयाने, कालांतराने वाढत गेलेली बंधने ही आता शिक्षाच झाली आहे, असे मत दिले. आणि नोंदणीकृतांना समाजमाध्यमांची सरसकट बंदी करणारा नॉर्थ कॅरोलायनाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द ठरविला.

परिणामांचे मोजमाप : अमेरिकन न्यायखात्याच्या सांख्यिकी विभागाने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, १५ राज्यांच्या तुरुंगांतून १९९४ मध्ये सुटलेल्या ९,६९१ पुरुष लैंगिक गुन्हेगारांचा तीन वर्षे मागोवा घेतला. नव्या लैंगिक गुन्ह्याबद्दल अटक झालेल्यांचे प्रमाण ५·३ टक्के भरले. इतर गुन्ह्यांतून सुटलेल्यांत हेच प्रमाण १·३ टक्के होते. म्हणजे लैंगिक गुन्हेगारांपासूनचा धोका अधिक असतो, हे खरे. परंतु इतर कैद्यांची संख्या कितीतरी मोठी असल्याने, सुटलेल्या सर्व कैद्यांनी केलेल्या नव्या लैंगिक गुन्ह्यांपैकी सु. ८७ टक्के गुन्हे यापूर्वी लैंगिक गुन्हेगार नसलेल्यांनी केलेले आढळले. त्याच विभागाच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे, २००५ मध्ये सुटलेल्यांपैकी ७·७ टक्क्यांना नऊ वर्षांत पुन्हा अशा गुन्ह्याबद्दल अटक झाली. अटकेचा आकडा म्हणजे गुन्ह्याचा आकडा नव्हे. या प्रकारचे बहुतेक गुन्हे पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत, हे येथे विसरता येत नाही. मात्र ८० टक्क्यांपर्यंत मजल नेण्यास तेवढेही कारण पुरत नाही.

याहून महत्त्वाची बाब गुन्हेगार व बालक यांच्या नात्याची आहे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी विश्लेषणानुसार, पोलिसांकडे आलेल्या प्रकरणांत अल्पवयीन बालकांवरील अत्याचार करणाऱ्यांपैकी सु. ३४ टक्के कुटुंबातील व सु. ५९ टक्के परिचित होते. अनोळखी केवळ ७ टक्के. जाहीर सूचनेची सर्व रचना मात्र या सात टक्क्यांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. मिनेसोटाच्या कारागृहखात्याने २००७ मध्ये, सुटल्यावर पुन्हा लैंगिक गुन्हा केलेल्या २२४ व्यक्तींची प्रकरणे एकेक करून तपासली. निवासबंदीमुळे टळला असता असा गुन्हा त्यांत एकही निघाला नाही. बळी पडलेली व्यक्ती शाळेजवळ नव्हे, तर बहुधा ओळखीच्या घरात गाठलेली होती. खुद्द न्यू जर्सी राज्यात २००८ मध्ये झालेल्या अभ्यासातही मेगनच्या कायद्यामुळे असे गुन्हे घटल्याचे दिसून आले नाही.

तरीही दोन्ही उपायांना एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. जे. जे. प्रेस्कॉट व जोना रॉकॉफ या अभ्यासकांनी २०११ मध्ये नोंदणी व जाहीर सूचना यांचे परिणाम वेगवेगळे काढून पाहिले. पोलिसांपुरत्या नोंदणीमुळे, विशेषतः परिचित व्यक्तींविरुद्धचे गुन्हे काही अंशी घटतात. जाहीर सूचनेच्या भयाने पहिला गुन्हा करण्यापासून काहीजण परावृत्त होत असावेत. पण ज्यांची नावे प्रसिद्ध झाली, त्यांच्या हातून पुन्हा गुन्हा घडण्याचे प्रमाण मात्र वाढते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. घर, नोकरी व आप्तांचा आधार हीच पुन्हा गुन्ह्याकडे वळण्यापासून रोखणारी मुख्य बंधने होत आणि प्रसिद्धीमुळे ती तुटतात. कायद्यापुढे गमावण्यासारखे काही उरले नाही की त्याचा धाकही उरत नाही.

यादीतील सर्व नावे एका मापाची नसतात, हे मेन राज्यात एप्रिल २००६ मध्ये भयंकर रीतीने दिसून आले. कॅनडातून आलेल्या एका तरुणाने राज्याच्या संकेतस्थळावरून पत्ते शोधून दोन नोंदणीकृत पुरुषांना त्यांच्या घरी गोळ्या घातल्या. त्यांपैकी एकाचा गुन्हा असा, की संमतिवयाला थोडेच दिवस कमी असलेल्या आपल्या मैत्रिणीशी त्याने तरुणपणी संबंध ठेवले होते. नोंदणीकृत किशोरांच्या बाबतीत तर अभ्यासकांचे जवळजवळ एकमत आहे : त्यांच्यात पुनर्गुन्ह्याचे प्रमाण मुळातच थोडे असून नोंदणीने ते आणखी घटत नाही, शिक्षण व मनःस्वास्थ्य यांची हानी मात्र होते. दक्षिण कॅरोलायनात असेही आढळले, की नोंदणी टाळता यावी म्हणून खटले सौम्य कलमांखाली मिटविण्याकडे कल वाढला. कायदा कडक करावा आणि त्याच्या कडकपणामुळेच तो लागू होऊ नये, असा हा प्रकार आहे.

जेकब वेटरलिंगच्या अपहरणाचा उलगडा सत्तावीस वर्षांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये झाला. त्याच परिसरात राहणाऱ्या एका इसमाने खुनाची कबुली दिली व मुलाचे अवशेष दाखविले. पोलिसांनी त्याची आरंभीच चौकशी केलेली होती. पण लैंगिक गुन्ह्याबद्दल तो तोवर कधीच दोषी ठरलेला नसल्याने, यादी असती तरी तीत त्याचे नाव नसते. पॅटी वेटरलिंग यांनी त्यापूर्वीच, किशोरांना व किरकोळ गुन्ह्यांतील दोषींना एकाच जाळ्यात ओढणाऱ्या विस्तारास जाहीरपणे विरोध दर्शविला होता.

इतर देश : अमेरिकेबाहेर नोंदणी अनेक देशांनी स्वीकारली; जाहीर सूचना मात्र थोड्यांनीच. ग्रेट ब्रिटनमध्ये १९९७ पासून नोंदणी असून ती पोलिसांपुरती आहे. जुलै २००० मध्ये सारा पेन या आठ वर्षांच्या मुलीचा नोंदणीकृत गुन्हेगाराने खून केला, तेव्हा एका साप्ताहिकाने अशा व्यक्तींची नावे व छायाचित्रे छापण्याचा सपाटा लावला. पोर्ट्‌स्मथ शहरातील पॉल्सग्रोव्ह वस्तीत जमावाने अनेक रात्री दंगल केली व निरपराध कुटुंबांनाही घर सोडावे लागले. न्यूपोर्ट येथे एका बालरोगतज्ञ महिलेच्या दारावर शिवी रंगविण्यात आली. ‘बालरोगतज्ञ’ व ‘बालकामुक’ या अर्थांचे इंग्रजी शब्द आरंभी सारखे असल्यामुळे हा घोटाळा झाला. या अनुभवानंतर ब्रिटनने मधला मार्ग काढला. आपल्या मुलाच्या सहवासात येणाऱ्या विशिष्ट व्यक्तीविषयी पालकाने पोलिसांकडे विचारणा करावी आणि खरोखर धोका असल्यास मुलाचे रक्षण करू शकणाऱ्यालाच ती माहिती गोपनीय म्हणून द्यावी, अशी ही योजना २००८ मध्ये चार पोलीस विभागांत प्रायोगिक रीत्या सुरू झाली व पुढे सर्वत्र लागू झाली. ओळखीच्या माणसापासून असणारा धोका लक्षात घेणारी अशी तरतूद अन्य कायद्यांत क्वचितच आढळते. आजन्म नोंदणीचा फेरविचार कधीच न होणे हे मानवी हक्कांशी विसंगत आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ठरविले. कॅनडातील राष्ट्रीय नोंदवही (२००४) हीदेखील पोलिसांपुरतीच आहे. तीतील सरसकट सक्ती तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये घटनाबाह्य ठरविली. दक्षिण कोरियात मात्र संकेतस्थळ व टपाल यांद्वारे जनतेला माहिती दिली जाते.

भारत : भारतात व्यक्तींची नावे पोलीसदप्तरी चढवून त्यांच्या हालचालींवर नजर ठेवण्याचा अनुभव वेगळ्या व कटू मार्गाने आलेला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमान्वये ब्रिटिश शासनाने संपूर्ण जमातींची नोंदणी केली. हजेरी, परवाना व वसाहतीत डांबणे या गोष्टी जन्मावरून ठरू लागल्या. सोलापूरची तारेच्या कुंपणाची वसाहत महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. हा अधिनियम ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. पण पारध्यांसारख्या जमातींकडे पाहण्याची पोलिसांची व गावकऱ्यांची दृष्टी त्यासरशी पालटली नाही. लैंगिक गुन्हेगारांची नोंदणी व्यक्तिगत दोषसिद्धीवर आधारलेली असल्याने तिची या अधिनियमाशी तुलना एका मर्यादेपलीकडे करता येत नाही. वहीतून खोडलेले नाव लोकांच्या मनातून मात्र लवकर खोडले जात नाही, एवढे साम्य खरे. [→ गुन्हेगार जमाती].

लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची केंद्रीय गृहमंत्रालयाने २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू केली. ती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे असून बलात्कार, सामूहिक बलात्कार, स्त्रियांची छेडछाड व २०१२ च्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाखालील गुन्हे यांतील दोषींची माहिती तीत आहे. प्रारंभी तीत सु. ४·४० लाख नोंदी होत्या. ही सूची फक्त तपास यंत्रणांना पाहता येते. ती जनतेला खुली करावी, अशी मागणी अधूनमधून होते. या बाबतीत भारतीय कायद्यात एक विशेष अडचण आहे. अत्याचार झालेल्या स्त्रीची वा बालकाची ओळख पटेल असा मजकूर प्रसिद्ध करणे हा येथे गुन्हा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांप्रमाणे बलात्काराच्या ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा, म्हणजे नातेवाईक, शेजारी, मालक वा मित्र असतो. बाप, काका वा मामा यांचे नाव, छायाचित्र व गुन्ह्याचे कलम गावात जाहीर झाले, तर मुलीचे नाव लिहिण्याची गरजच उरत नाही. घरातील कर्त्या पुरुषाचे नाव आयुष्यभर यादीत राहील व घराण्याची अब्रू चव्हाट्यावर येईल, या भीतीने आईच तक्रार देण्यास कचरेल, अशी शंका बालहक्कांसाठी काम करणाऱ्यांनी व्यक्त केली आहे. शाळा, वसतिगृहे, पाळणाघरे व शाळेच्या गाड्या यांवर माणूस नेमण्यापूर्वी पोलिसांकडून त्याच्या पूर्ववृत्ताची पडताळणी करून घेणे, हा नोंदीचा उपयोग मात्र नाव जाहीर न करताही होऊ शकतो.